एकट्याचे पथ्य

दिवाळी अंकात फराळाविषयी सावधगिरीचा शब्द लिहिणे म्हणजे लग्नाच्या मांडवात वैराग्यावर कीर्तन लावण्यासारखे आहे, हे मला कळते. वाचक हा अंक हाती घेतील तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात चकली असणार आणि पानावर तेलाचे एखादे बोट उमटणार. उमटू द्या. दिवाळी अंकाला तो डाग शोभतो. मी फराळाच्या विरुद्ध नाही. माझ्या देहाकडे एकवार पाहिलेत तर तशी शंकाही तुमच्या मनात येणार नाही. यंदा मला सांगायचे आहे ते गेल्या वर्षभरात आमच्या घरी घडलेल्या एका प्रकरणाविषयी. त्यात दोष माझा होता, आणि दोष कबूल करायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही.

आमचे घर अमरावतीत. घरात माणसे पाच. आई, आम्ही उभयता, दहावीतली कन्या आणि तिच्या पाठचे चिरंजीव. चिरंजीवांना घरात सगळे बाबू म्हणतात. बाबू जन्माला आला तो चांगला गुटगुटीत. ‘गुटगुटीत’ हा शब्द उच्चारताना मराठी माणसाचा चेहरा कसा फुलतो ते तुम्ही पाहिलेच असेल. बाबूने बाळसे धरले तेव्हा शेजारपाजारच्या बायका त्याची दृष्ट काढून जात. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे त्या काळी त्याला आणि पर्यायाने आम्हाला मिळालेले प्रशस्तिपत्र. पूर्वी गावोगाव सुदृढ बालकांच्या स्पर्धा भरत; तशी एखादी आमच्या आळीत भरती तर पहिले बक्षीस आमच्याच घरी येते.

भाषेचा अध्यापक असल्यामुळे मला शब्दांची खोड आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. मूल पाच वर्षांचे होईतो आपली मराठी त्याच्या जाडीचे कौतुक करीत असते: गुटगुटीत, गोंडस, अंगाने भरलेले, बाळसेदार. मग एके दिवशी मूल शाळेच्या मैदानावर उतरते आणि तीच मराठी त्याला ढोल्या, जाड्या, भोपळ्या म्हणू लागते. मूल तेच असते, त्याला भरवणारे हातही तेच असतात. फक्त शब्दकोशाचे पान उलटलेले असते. हे पान कोणी आणि केव्हा उलटले हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. त्याला एवढेच कळते, की काल ज्याबद्दल लाड झाले त्याचबद्दल आज हसू होते आहे.

बाबूला अकरावे लागले तेव्हा शाळेत तपासणी झाली आणि घरी चिठ्ठी आली. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. उंची १४३ सेंटीमीटर, वजन ५४ किलो. डॉक्टरांनी एक तक्ता पुढे केला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०१५ मध्ये आपल्याकडच्या पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांपैकी तो एक. उंचीच्या मानाने वजन किती असावे, हे त्यातल्या वळणदार रेषा सांगतात. एका रेषेच्या वर गेलेले मूल जादा वजनाचे आणि तिच्यावरच्या दुसऱ्या रेषेपलीकडे गेलेले लठ्ठ. बाबूचा ठिपका दुसऱ्या रेषेच्या बराच वर पडला. ‘लठ्ठ’ हा शब्द मी आजवर पगाराच्या संदर्भात मोठ्या आवडीने वापरत आलो होतो. त्या दिवशी तो कानाला टोचला.

डॉक्टर म्हणाले, “उंची नीट वाढते आहे, म्हणजे ग्रंथींचा वगैरे दोष बहुधा नसावा, तरी रक्त तपासून घेऊ. या वयात वजन उतरवण्याची घाई नसते. पुष्कळदा ते आहे तिथे थोपवले तरी पुरते, उंची वाढते आणि प्रमाण आपोआप जुळत जाते. पुढच्या खेपेला मात्र घरातल्या सगळ्यांना घेऊन या.”

हे शेवटचे वाक्य मी सौजन्याचा भाग समजलो. लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितात ना, तसे. आणि तिथेच चुकलो.

घरी येताच मी कामाला लागलो. आम्हा अध्यापकांना वेळापत्रकाचे फार वेड. मी एक कागद आखला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. वर बाबूचे नाव आणि खाली दर रविवारचे वजन. त्याच्यासाठी दोन फुलके, दुधी, काकडी, वरण. आमच्यासाठी नेहमीचेच. रविवारी सकाळी मी गिलावडे बांधून आणी, तेव्हा चौघे खात असू आणि बाबूपुढे मुरमुऱ्यांची वाटी असे. पाहुणे आले की मी त्यांना विश्वासात घेऊन, पण बाबूला ऐकू जाईल अशा बेताने सांगे, “याला वाढू नका हं, याचे पथ्य चालू आहे.” मला वाटे, मी एक दक्ष पिता आहे.

तीन महिन्यांनी वजन भरले ५७ किलो.

मी काट्यावर संशय घेतला, काट्याचा सेल बदलला. मग एका दुपारी काही शोधण्यासाठी मी विश्वकोशाचे खंड खाली काढले, तर मागच्या फटीतून वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टने सुरसुरत बाहेर आली. पंधरा-वीस तरी असतील. प्रत्येक वेष्टनाची बारीक घडी घातलेली. आवाज होऊ नये, जागा कमी लागावी, एवढा विचार त्या अकरा वर्षांच्या डोक्याने केला होता. मी खूप रागावलो, हे कबूल करतो. बाबू काही बोलला नाही. नुसता भिंतीकडे पाहत उभा राहिला.

हे झाले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही मोझरीला गेलो.

मोझरी अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला, तीस-पस्तीस किलोमीटरवर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तिथे गुरुकुंज आश्रम स्थापला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निर्वाण झाले ते याच ठिकाणी. दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीचा महोत्सव भरतो. तिथीने तो दिवस आश्विन वद्य पंचमीचा, म्हणजे वसुबारसेच्या आधी आठवडाभर. चहूकडून दिंड्या येतात, भगव्या टोप्यांचा पूर लोटतो, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या घटकेला, तो सगळा लाखांचा समुदाय मौन धरून उभा राहतो. माझे मामा मोझरीचेच. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने वाळकी काडी, जुने गुरुदेव सेवक. आईला दर वर्षी तिथे जायचे असते, आणि आम्ही तिच्या निमित्ताने जातो.

मामांकडे जेवायला बसलो. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वरण, ठेचा, आणि पाहुण्यांसाठी म्हणून शिरा. मामी वाढायला आल्या तशी मी नेहमीची सूचना केली. बाबूच्या ताटात अर्धी भाकर पडली आणि शिऱ्याची वाटी त्याला चुकवून पुढे गेली. मामा जेवता जेवता थांबले.

“काहून जी भाचेबुवा, पोट्ट्याच्या ताटात इतकुसंच काहून?”

“पथ्य आहे मामाजी. वजन फार वाढलं आहे त्याचं.”

मामांनी बाबूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझे वजन त्या वेळी ९२ किलो होते. “मंग तुमच्या वाटीत शिरा कसा काय?” ते म्हणाले. “हे पोट्टं काय हॉटेलात वाढलं? ज्या चुलीवर तुमचं शिजलं, त्याच चुलीवर याचं शिजलं ना? आमी इथं प्रार्थनेले सारे बसतो, श्रमदानाले सारे जातो. न् तुमच्या घरी पथ्य एकट्या लेकरानंच कराचं? हे कोन्या गावची रीत?”

मी हसण्यावारी नेले. आईने विषय बदलला. पण जेवण होऊन मी अंगणात हात धूत होतो तेव्हा बाबू मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “बाबा, आपल्या घरात मी एकटाच जाड आहे का?”

मी वर्गात पन्नास मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही.

दुपारी मामांनी बाबूला आपल्यासोबत नेले. मी शोधीत गेलो तेव्हा तो दासटेकडीच्या बाजूला यात्रेकरूंना पाणी वाटीत होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा ओगराळा. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. वाकायचे, भरायचे, ओतायचे, पुढे सरकायचे. म्हाताऱ्या बाया त्याला ‘राजा, इकडे ये बाप्पा’ म्हणत होत्या. त्याला कोणी ढोल्या म्हणत नव्हते. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्याने बादली खाली ठेवली आणि मामांच्या शेजारी ताठ उभा राहिला. त्या शांततेत मी माझ्या पोराकडे तीन महिन्यांत प्रथमच पाहिले, म्हणजे वजनकाट्यावर उभा नसलेल्या पोराकडे.

‘सामुदायिक’ हा शब्द तुकडोजी महाराजांचा आवडता. सामुदायिक प्रार्थना, सामुदायिक ध्यान, सामुदायिक श्रमदान. गावाचे भले एकट्यादुकट्याच्या पुण्याईने होत नाही, सगळ्यांनी मिळून केले तरच होते, हा ‘ग्रामगीते’चा एकूण रोख. हे मी वर्गात किती वेळा शिकवले असेल! पण ‘सामुदायिक’ हे विशेषण ‘पथ्य’ या नामाला लागू शकते, हे मला शिकायला मामांचे अंगण लागले.

परत आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो आणि अपराध कबूल केला. ते हसले. म्हणाले, “तुमच्या मामांनी जे सांगितलं ते शोधायला शास्त्राला बरीच वर्षं लागली.” मग त्यांनी काही वाचायला दिले, आणि वाचनाची सवय असल्यामुळे मी ते नेटाने वाचले. त्यातले थोडके तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत लेनर्ड एपस्टीन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सहा ते बारा वर्षांची लठ्ठ मुले आणि त्यांचे आईबाप यांचे तीन गट केले. आहार आणि व्यायाम यांची शिकवण तिन्ही गटांना साधारण सारखीच. भेद एवढाच, की पहिल्या गटात मूल आणि पालक या दोघांच्याही वजनाच्या प्रगतीची दखल घेऊन शाबासकी दिली गेली, दुसऱ्यात फक्त मुलाच्या, आणि तिसऱ्यात केवळ हजेरीबद्दल. दहा वर्षांनी ती मुले पुन्हा गाठली. त्याचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. उंचीच्या मानाने असावे त्यापेक्षा जेवढे टक्के वजन जास्त, तो आकडा पहिल्या गटात सरासरी ७.५ ने उतरला होता, दुसऱ्यात ४.५ ने चढला होता आणि तिसऱ्यात १४.३ ने. म्हणजे ज्या घरात बापाने आपलाही काटा पाहिला, त्या घरातले मूल दहा वर्षांनीही सावरलेले होते. जिथे काटा फक्त मुलाचा पाहिला, तिथे ते पुन्हा वरच गेले होते. माझा फ्रिजवरचा कागद त्या दुसऱ्या गटातला.

पुढे इस्रायलमध्ये मोरिया गोलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धिटाईचा प्रयोग केला. एका गटात फक्त मुलांना बोलावले, दुसऱ्यात मुलांना घरी ठेवून फक्त आईबापांना शिकवले. १९९८ मध्ये निष्कर्ष आला तो असा: ज्यांचे आईबाप शिकले त्या मुलांचा लठ्ठपणा अधिक उतरला, आणि मधूनच सोडून जाणारेही त्या गटात कमी निघाले. मुलाला पथ्याच्या वर्गात न बसवताच मूल सुधारले! कारण उघड आहे. बाजारातून पिशवी कोण आणतो? तेलाचा डबा कोणाच्या हाती असतो? टीव्ही केव्हा बंद व्हायचा हे कोण ठरवते? अकरा वर्षांच्या मुलाला घरातली एकही किल्ली दिलेली नसते, आणि आपण त्याच्याकडून कुलूप उघडण्याची अपेक्षा करतो.

आज अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आपल्या २०२३ च्या मार्गदर्शनात सांगते, की अशा मुलांसाठी कुटुंबासह प्रत्यक्ष मार्गदर्शनाचे किमान २६ तास, तीन ते बारा महिन्यांत, मिळायला हवेत. आठवड्याला एक तास धरला तर सहा महिने होतात. आणि आम्ही दहा मिनिटांच्या भेटीत एक कागद घेऊन बाहेर पडलो होतो!

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे धनिक देशांचे दुखणे, आपल्याकडे कुठले? मीही तसेच समजत होतो. विशेषतः आम्हा अमरावतीकरांनी तर मुलांच्या लठ्ठपणाविषयी बोलावे कोणत्या तोंडाने? आमच्याच जिल्ह्यात मेळघाट आहे. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता, आणि धारणी-चिखलदऱ्याकडच्या मुलांची उपासमार हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण एका ताटात कमी पडते म्हणून दुसऱ्या ताटात जास्त होत नाही, असे थोडेच आहे? जगभरच्या मोजमापांवरून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे अंदाज छापून आले, त्यांनुसार भारतातली पाच ते एकोणीस वर्षांची लठ्ठ मुले १९९० मध्ये चारेक लाख होती. २०२२ मध्ये ती सव्वा कोट झाली.

आणि आणखी एक गोष्ट. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. हातपाय काटक्या आणि आत चरबी. पुढे आपल्याकडे मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा त्यांना इथे दिसला. याचा अर्थ आमच्या सडपातळ कन्येने वेफर्स खाल्ले तर चालतील आणि बाबूने खाल्ले तर चालणार नाहीत, हा माझा हिशेबच मुळात खोटा होता. जे एकाला वाईट ते पाचांनाही फारसे चांगले नव्हते.

मग एका रविवारी आम्ही घरची सभा भरवली. फ्रिजवरचा कागद मी स्वतः काढला आणि फाडला. बाबूला म्हणालो, “चूक माझी झाली. तुझं पथ्य आजपासून बंद. आता आपण सगळे मिळून काय करायचं ते ठरवू.” त्याचा विश्वास बसला नाही. बसायला काही आठवडे लागले.

एपस्टीनसाहेबांची एक युक्ती मला फार आवडली. चौकातल्या दिव्यांप्रमाणे त्यांनी खाण्याचे तीन रंग केले. आम्ही त्याला वऱ्हाडी रूप दिले. पालेभाज्या, वांगी, काकडी, मुळा, गाजर, पातळ ताक हा हिरवा दिवा, खुशाल जा. भाकरी, पोळी, वरण, भात, उसळ हा पिवळा, जपून जा. वेफर्स, शेव, बाटलीतली गोड पेये, बिस्किटे, गिलावडा, आलुबोंडा हा लाल, थांबा आणि विचार करा. थांबा म्हणजे कधीच नको असे नव्हे. आठवड्यातून अमुक वेळा, सगळ्यांनी मिळून, उघडपणे. चोरून खाण्यातला सगळा विषार ‘चोरून’ या शब्दात असतो.

दुसरे ठरले ते असे, की जे घरात नको ते आणायचेच नाही. आणून कपाटात ठेवायचे आणि मग मुलाला संयम शिकवायचा, हा मोठ्या माणसांचा क्रूर खेळ आहे. तिसरे, जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद, माझा धरून. चौथे, रात्री साडेनवाला मुलांचे अंथरूण. या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, आणि झोप कमी पडली की भूक वेडीवाकडी लागते. पाचवे, रोज तासभर अंग हलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी एवढेच मागते.

या पाचव्या कलमाची मला खरी लाज वाटली. ज्या गावात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, ज्या गावच्या मंडळाचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, त्या गावात राहून मी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गाला जायला उद्वाहक शोधत असे. आता संध्याकाळी आम्ही दोघे वडाळी तलावाकडे चालत जातो. पहिल्या आठवड्यात मीच दर वळणावर थांबे आणि बाबू माझ्यासाठी उभा राही. त्याला त्याचा केवढा आनंद होई! घरात धापा टाकणारा तो एकटा नाही, हे त्याला प्रथमच कळत होते.

सगळ्यात अवघड गेले ते आईचे. सभेत ती गप्प होती. रात्री मला म्हणाली, “तुम्ही दोघं नोकरीवर जाता. पोरगं शाळेतून आलं की त्याच्या हातावर काही ठेवणं एवढंच माझ्याकडं उरलं आहे. तेही काढून घेता?” आई बहात्तरच्या दुष्काळात सतरा वर्षांची होती. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी तिने खाल्लेली आहे. घरात सहा भावंडे आणि मोजून भाकरी, हे तिने पाहिलेले आहे. भरलेले ताट हा तिच्या लेखी चोचला नाही, ती सुटका आहे. अशा बाईला उष्मांकांचा हिशेब कोण आणि कसा सांगणार? मी सांगू शकलो नाही.

तोड बाबूनेच काढली. तो म्हणाला, “आजी, मला भाकर थापायला शिकव ना.” आता शाळेतून आला की दोघे ओट्याशी उभे असतात. पहिल्या महिन्यातल्या भाकरी भारताच्या नकाशासारख्या निघत. आता गोल निघतात. आजी अजूनही त्याच्या हातावर काहीतरी ठेवते, पण ते ज्वारीचे पीठ असते, किंवा मिठाची मुळ्याची फोड. तिचे काम गेले नाही, वाढले.

हे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. कन्या दोनदा संपावर गेली. ‘शिक्षा त्याची, मला का?’ हा तिचा प्रश्न, आणि तो मिटायला बराच काळ लागला. लग्नसराईत आमचे दिवे सगळे एकदमच विझले. मी स्वतः एकदा परगावी परीक्षकाच्या कामाला गेलो असता स्टेशनावर तीन कचोऱ्या खाऊन आलो आणि घरी चेहरा निर्मळ ठेवला. पण कागदाचा पुडा खिशातच राहिला होता. बाबूने तो शोधला, उलगडला, आणि काही न बोलता त्याची बारीक घडी घालून माझ्या हातात दिली. विश्वकोशामागच्या वेष्टनांची घडी तशीच होती. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, आणि मग दोघांनाही एकदम हसू आले. मी त्या घटकेला त्याची खरी क्षमा मागितली. आधी सभेत मागितली ती वक्तृत्वाची होती.

हिशेब द्यायचा तर असा. वर्ष झाले. बाबूची उंची १५० सेंटीमीटर झाली, वजन ५७ किलो आहे, म्हणजे जिथे होते तिथेच. तक्त्यावरचा ठिपका अजून दुसऱ्या रेषेच्या वरच आहे, पण रेषेकडे उतरतो आहे. डॉक्टरांनी त्याला पाठीवर थाप दिली आणि नंतर मला काट्यावर उभे केले. मी ८६. शाळेत त्याला अजून कोणी ना कोणी काही म्हणतेच. ते थांबवणे माझ्या हाती नाही. पण घरात म्हणणारे कोणी उरलेले नाही, आणि विश्वकोशाच्या मागे आता फक्त धूळ असते. ती मी महिन्यातून एकदा झटकतो. पूर्वी झटकत नव्हतो.

यंदा मोझरीला गेलो तेव्हा मामांनी बाबूला काही विचारले नाही. नुसती बादली पुढे केली. मामींनी शिऱ्याची वाटी आणली, त्यातला चमचा चमचा सगळ्यांच्या ताटात पडला, माझ्याही आणि बाबूच्याही. मामा म्हणाले, “आता कसं जी!”

आणि फराळ? फराळ झाला, न व्हायला काय झाले! आईने चिवडा केला, सौभाग्यवतींनी चकल्या केल्या, बेसनाचे लाडू पन्नासांऐवजी वीस वळले आणि ते बाबूने मोजून डब्यात ठेवले. अनारसे यंदाही तुपात हसले आणि आई दर वर्षीप्रमाणे त्यांच्यावर रागावली. नियम एकच केला आहे, आणि तो चिरंजीवांनी सुचवला आहे. पाचही जण घरात असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हा लेख संपवून मी मंडळींकडे निघालो आहे. आतून दोनदा हाक आली. सगळे बसले आहेत म्हणतात, आणि झाकण बाबूच्या हातात आहे.